बारगिरांच्या गावाहून कलकत्त्याला

शुक्रवार

नागपूर स्टेशनवर हावडा मेलमध्ये बसलो तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. वैशालीच्या पिशवीत संत्रा बर्फीचे चार डबे होते, कुंदाकडे पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि सांडगी मिरच्या, आणि माझ्याकडे भिवापूरच्या मिरचीचं दोन किलो तिखट. ते शर्मिष्ठाने फोनवर तीनदा बजावून मागवलं होतं. "बाकी काही नको आणू, तिखट विसरू नको," असं.

शर्मिष्ठा आमची शाळेतली मैत्रीण. तिचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत लागले आणि धंतोलीत येऊन राहिले. ती कंपनी १८८७ सालची. दोन प्रांतांचं नाव एकत्र घेऊन धावणाऱ्या त्या रेल्वेमुळे कितीतरी बंगाली घरं नागपूरची झाली आणि त्यातल्या एका घरातली मुलगी आमच्या बाकावर येऊन बसली. दहावीपर्यंत आम्ही चौघी एकाच बाकावर बसायचो. तिचं मराठी आमच्याइतकंच नागपुरी. लग्न होऊन ती कलकत्त्याला गेली त्याला आता पस्तीस वर्षं होतील. या पस्तीस वर्षांत ती नागपूरला अनेकदा आली, आम्ही मात्र एकदाही तिच्याकडे गेलो नाही. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण, नोकरी, प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. यंदा वैशाली निवृत्त झाली आणि तिने जानेवारीची तिकिटं काढूनच आम्हाला फोन केला.

गोंदिया, दुर्ग, रायपूर. बिलासपूरला संध्याकाळ झाली. वैशाली तीस वर्षं इतिहास शिकवत होती, त्यामुळे खिडकीबाहेर बघताना तिला शेतं कमी आणि फौजा जास्त दिसतात. म्हणाली, "रघुजी राजांचे घोडेस्वार नागपुरातून बंगालवर निघाले ते असेच पूर्वेला. १७४२. भास्करराम कोल्हटकर पुढे." महालातल्या भोसल्यांच्या वाड्यावर शाळेची सहल गेली होती, तेव्हा गुरुजींनी हेच सांगितलं होतं आणि आमच्या माना ताठ झाल्या होत्या. आपल्या गावचे घोडे पार गंगेपर्यंत गेले, एवढंच तेव्हा कळलं होतं. आमच्या गाडीला या प्रवासाला अठरा-एकोणीस तास लागतात, अंतर सुमारे अकराशे किलोमीटर. घोड्यांना किती दिवस लागले असतील, यावर कुंदा आणि वैशालीची चर्चा सुरू असताना मला झोप लागली. टाटानगर मध्यरात्री येऊन गेलं, ते कळलंही नाही.

शनिवार

हावडा स्टेशनात मोठं दोन तोंडी घड्याळ आहे. बंगालीत त्याला 'बडो घोडी' म्हणतात आणि कुणाला भेटायचं तर या घड्याळाखाली, असा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. शर्मिष्ठा मंकी कॅप घातलेल्या मुलाला घेऊन बरोबर त्याच्याखाली उभी होती. थंडी आपल्या नागपुरापेक्षा काही जास्त नव्हती, पण कलकत्त्याचा माणूस थंडीचा मान राखतो. मुलाने आमच्या बॅगा गाडीत टाकल्या आणि तो घरी गेला. आम्हाला तिने चालवतच पुलावर नेलं. म्हणाली, "पहिल्यांदा हावडा पूल पायानं ओलांडायचा. गाडीतून गेलं तर काहीच दिसत नाही."

तिचं खरं होतं. अजून उजाडायचं होतं. नदीवर धुकं, आणि त्यातून वर गेलेला तो लोखंडाचा डोंगर. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. दोन्ही काठांवरच्या दोन मनोऱ्यांनी सगळा भार तोललेला. हा पूल १९४३ साली वाहतुकीला खुला झाला, युद्धाच्या धामधुमीत. २६,५०० टन पोलाद लागलं, त्यातलं २३,००० टन टाटांच्या कारखान्यातून आलं, म्हणजे आम्ही रात्री झोपेत मागे टाकलेल्या जमशेदपुरातून. नट-बोल्ट कुठेच नाहीत, सगळं रिव्हेटने सांधलेलं. लोंबत्या पोलादी कांबींच्या पायथ्याशी मात्र आच्छादनं घातलेली दिसतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पान-गुटख्याच्या पिंकांनी पोलाद गंजू लागलं, म्हणून ती घालावी लागली. एवढ्या पहाटेही डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल आमच्या बाजूने पळत होते. त्यांच्या चालीत आमची चाल अडखळत होती, म्हणून आम्ही कठड्याला चिकटून एकामागे एक चाललो, शाळेच्या रांगेसारख्या.

पूल उतरला की उजव्या हाताला खाली मल्लिक घाट आणि तिथला फुलबाजार. मी आयुष्यात एवढा झेंडू एका ठिकाणी पाहिला नव्हता. दसऱ्याला सीताबर्डीवर आपण ढीग बघतो, ते इथे रोजचं. पण ढीग नाहीतच, माळा. वीस-वीस माळांची वेटोळी गळ्यात, खांद्यावर, डोक्यावर घेतलेली माणसं, पिवळी आणि केशरी. खालची जमीन पाकळ्यांच्या चिखलाने मऊ झालेली. मेदिनीपूर आणि नदिया जिल्ह्यांतून रात्रीच्या गाड्यांनी फुलं येतात आणि उजाडायच्या आत त्यांचे सौदे उरकायला लागतात. घाटाच्या पायऱ्यांवर कुणी अंघोळ करत होतं, कुणी दात घासत होतं, आणि पाठीमागे तो पूल हळूहळू करड्याचा रुपेरी होत होता. मातीच्या इवल्याशा 'भाँड'मध्ये चहा घेतला. दोन घोटांत संपतो म्हणून दुसरा घेतला, मग तिसरा. कुंदाने रिकामं भाँड फेकलं नाही, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

शर्मिष्ठाचं घर श्यामबाजारात. पाच रस्ते एकत्र येतात त्या चौकात नेताजींचा घोड्यावरचा पुतळा आहे, तिथून आत गल्लीत दुमजली जुनं घर, हिरव्या झडपांच्या खिडक्या. दारात तिच्या सासूबाई उभ्या होत्या, वय शहाऐंशी, पांढरी साडी, लाल-पांढरी शाल. मैत्रिणीच्या आईला किंवा सासूला तिथे माशीमा म्हणतात, म्हणून आम्हीही माशीमा म्हटलं. त्यांनी आमची तोंडं दोन्ही हातांत धरून बघितली. पाठीमागे सुनेच्या कडेवर दीड वर्षांची नात, मिमी. अंघोळी उरकेपर्यंत ताटं तयार: गरम लुची, नारळाचे तुकडे घातलेली चण्याची डाळ, आलूदम आणि शेवटी नोलेन गुडाचा संदेश. नोलेन म्हणजे नवा. खजुरीच्या झाडाला हिवाळ्यात खाच पाडून रात्रभर मडक्यात रस जमवतात, तो आटवून हा गूळ होतो. त्याला धुराचा आणि कॅरमलचा असा काही वास असतो की आपल्या उसाच्या गुळाशी त्याची तुलना करू नये, दोन्ही आपापल्या जागी थोर. हा गूळ दोन-तीन महिनेच मिळतो. शर्मिष्ठाने आम्हाला जानेवारीतच या म्हणून का सांगितलं, ते तेव्हा कळलं.

साडेनऊला ट्राम. श्यामबाजार ते एस्प्लनेड, पाच नंबर. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ साली मार्चच्या अखेरीस गेली, आमच्यातल्या कुणीच ती पाहिलेली नाही. कलकत्त्यात १८७३ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०२ मध्ये विजेची, आणि भारतात आता फक्त इथेच उरली आहे. तीही कुठवर, सांगता येत नाही. मैदानातला एक छोटा मार्ग ठेवून बाकीच्या बंद करायच्या, असं सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. प्रकरण न्यायालयात आहे. ट्राम सावकाश जाते, खरं आहे. पण त्या सावकाशीतच विधान सरणीवरची घरं दिसली: लोखंडी नक्षीचे सज्जे, वडाचं रोप फुटलेल्या भिंती, पुस्तकांच्या कंपन्यांच्या फिकट पाट्या. लाकडी बाक, घंटेचा टणटण आवाज, धूर अजिबात नाही. शेजारी बसलेले एक गृहस्थ शर्मिष्ठाला म्हणाले की ते रोज याच ट्रामने जातात, बसला पैसे असले तरी. ही गाडी बंद होऊ नये असं मला मनापासून वाटतं. जिला ट्रॅक आहे, वीज आहे आणि बसायला माणसं आहेत, ती काढून टाकायची म्हणजे काय?

हेदुआच्या तळ्यापाशी उतरलो. तिथे बेथून कॉलेज आहे. मुलींसाठीची बेथून शाळा १८४९ मधली. वैशालीने फाटकाशी उभं राहून आम्हाला मोजून दाखवलं: सावित्रीबाई आणि जोतीरावांची भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची, म्हणजे अवघ्या एका वर्षाचं अंतर. दोन शहरं, मध्ये रेल्वेही नव्हती, आणि दोन्हीकडे मुलींच्या हातात पाटी आली. आम्ही तिघींनी तिथे फोटो काढला. पलीकडच्या गल्लीत गिरीश चंद्र दे आणि नकुड चंद्र नंदी यांचं संदेशाचं दुकान, १८४४ पासूनचं. लोखंडी गजांच्या मागे बसलेला माणूस गजांमधून हात बाहेर काढून मिठाई देतो. फक्त संदेश, दुसरं काही नाही. मी नको नको म्हणत दोन खाल्ले.

जोडासांको ठाकूरबाडी. या भेटीविषयी मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण अख्ख्या दिवसात मी सर्वांत जास्त वेळ तिथेच राहायला तयार होते.

चितपूर रोडवरून आत वळलं की बाहेरचा कोलाहल एकदम थांबतो. लाल इमारत, हिरवी दारं, मोठा चौक. रवींद्रनाथ ७ मे १८६१ रोजी या घरात जन्मले आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी याच घरात गेले. ती शेवटची खोली बघताना आत कुणी बोलत नव्हतं. चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे पायाखाली थंडगार लादी, आणि कुठेतरी लावलेलं त्यांचंच गाणं हलकेच ऐकू येतं. शर्मिष्ठा त्याबरोबर ओठ हलवत होती. शाळेत ती प्रार्थनेच्या वेळी अशीच ओठ हलवायची, आवाज न काढता.

पण मी थबकले ते सत्येंद्रनाथांच्या तसबिरीपाशी. रवींद्रनाथांचे हे थोरले बंधू, आयसीएस होणारे पहिले भारतीय, १८६३. त्यांची सगळी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली. साताऱ्याला ते न्यायाधीश होते. मराठी शिकले, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये मुंबईला आल्या. तोवर बंगाली घरातली बाई उंबऱ्याबाहेर पडत नसे आणि अंगावरचं वस्त्रही बाहेर जाण्याजोगं नसे. मुंबईत पारशी बायकांचं नेसणं बघून त्यांनी साडीची नवी पद्धत बसवली: खाली परकर, वर पोलकं, निऱ्या, आणि पदर डाव्या खांद्यावर. आज देशभर साडी साधारण तशीच नेसतात. शर्मिष्ठाने हे सांगितलं तेव्हा आम्ही तिघींनी नकळत आपापल्या पदराला हात लावला.

आणि रवींद्रनाथ स्वतः १८७८ मध्ये, विलायतेला जाण्याआधी, मुंबईत तर्खडकरांच्या घरी राहिले होते. प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, त्यांची मुलगी अन्नपूर्णा. ती विलायतेत शिकून आलेली, तिने या सतरा वर्षांच्या लाजऱ्या मुलाला इंग्रजी बोलायला शिकवायचं ठरलं होतं. त्याने तिला 'नलिनी' हे नाव दिलं आणि ते नाव पुढे त्याच्या कवितेत राहिलं. ती मात्र फार लवकर गेली. मी खिडकीशी उभी राहून कुंदाला हे सांगत होते. कुंदा म्हणाली, "शाळेत आपल्याला हे काऊन नाही सांगितलं कुणी?" तिला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

तिथून पिवळी टॅक्सी करून कॉलेज स्ट्रीट. ॲम्बेसेडर गाड्या आता बनत नाहीत, त्यामुळे या टॅक्सीही वर्षागणिक कमी होत चालल्या आहेत. आत बसल्यावर वडिलांच्या ऑफिसच्या गाडीचा वास आला.

एव्हाना एक वाजला होता. जेवायला स्वाधीन भारत हिंदू हॉटेल. स्वातंत्र्यापूर्वी हे नुसतंच हिंदू हॉटेल होतं, देश स्वतंत्र झाल्यावर 'स्वाधीन भारत' हवाच, म्हणून ते नावाच्या आधी जोडलं. भवानी दत्त लेनमधली साधी जागा. संगमरवरी टेबलं, फळ्यावर खडूने लिहिलेली यादी, केळीचं पान, पानावर भात. बंगाली जेवणाला क्रम असतो आणि शर्मिष्ठाने तो आमच्याकडून पाळून घेतला. आधी कडू: शुक्तो, म्हणजे कारलं, शेवगा, कच्चं केळं, वांगं यांची दूध-मोहरीच्या वाटणातली भाजी. मग डाळ आणि तळण. मग भाज्या. मग मासे. शेवटी गोड चटणी. सगळं एकदम कालवायचं नाही. पानावर एकेक पदार्थ यायचा, संपायचा, मग पुढचा. आपल्याकडे पानात डावं-उजवं असतं, इथे आधीचं आणि नंतरचं.

वैशाली आणि मी पाब्दा मासा घेतला, मोहरीच्या रशातला. मोहरी नाकात चढते, सावजीच्या तिखटासारखी जिभेवर बसत नाही. कुंदा शाकाहारी, तिची फार काळजी होती आम्हाला. पण तिच्या पानावर आली मोचार घोंटो, केळफुलाची भाजी, आणि आलू-पोस्तो, खसखशीच्या वाटणातले बटाटे. केळफूल सोलणं, प्रत्येक फुलातला दांडा काढणं, रात्रभर मिठाच्या पाण्यात घालणं हे सगळं कुंदाने घरी केलेलं आहे, त्यामुळे तिने पहिला घास घेऊन नुसती मान हलवली. मग दुसऱ्यांदा मागून घेतली. वाढणारे काका "आरेकटू भात?" म्हणत पुन्हा पुन्हा फिरत होते आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडत होता.

जेवण झाल्यावर बोई पाडा, पुस्तकांची वस्ती. कॉलेज स्ट्रीटच्या दोन्ही फुटपाथांवर टपऱ्या. जुन्या प्रेसिडेन्सी कॉलेजच्या कुंपणाला टेकून पुस्तकं, कलकत्ता विद्यापीठाच्या भिंतीला टेकून पुस्तकं. विद्यापीठ १८५७ चं, आपल्या मुंबई विद्यापीठाच्या बरोबरीचं. पुण्यातला अप्पा बळवंत चौक दहा पटींनी वाढवला तर कदाचित हे होईल. नाव सांगायचा अवकाश, टपरीवाला ढिगाच्या तळातून पुस्तक ओढून काढतो, ढीग मात्र हलत नाही.

कॉफी हाऊस वरच्या मजल्यावर. जुना अल्बर्ट हॉल, १९४२ मध्ये तिथे कॉफी सुरू झाली, आणि १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था ते चालवते. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, भिंतीवर रवींद्रनाथांचं भलं मोठं चित्र, आणि आवाज! एकेका टेबलावर सहा-सात जण, सगळे एकदम बोलत. कॉफी साधीच. दूध नसलेलीला 'इन्फ्युजन' म्हणतात, तिच्यावर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. तुऱ्याचा फेटा बांधलेले वेटर आमच्या टेबलाशी तीनदा आले आणि तिन्ही वेळा काही न बोलता निघून गेले. आम्ही बोलतच होतो: शाळेतल्या बाई, गेलेली माणसं, कुंदाचं गेल्या वर्षीचं ऑपरेशन, शर्मिष्ठाच्या नवऱ्याचं जाणं. तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, तेव्हा आम्ही येऊ शकलो नव्हतो. फोनवर जे बोलता आलं नव्हतं ते तिने त्या गोंगाटात सांगितलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी जोरजोरात कविता वाचत होतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, आता डाब शरबत."

पॅरामाउंट हे शरबताचं दुकान १९१८ चं, कॉलेज स्क्वेअरच्या पलीकडे. शहाळ्याचं पाणी, सरबताचा पाक, वर शहाळ्याची मलई. ही कृती आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी सुचवली, असं तिथे सांगतात. ते रसायनशास्त्रज्ञ, बंगाल केमिकल्सचे संस्थापक. मुलांनी काहीतरी पौष्टिक आणि स्वस्त प्यावं हा हेतू. एक घेऊ चौघींत म्हणून सुरुवात केली आणि चार संपवले.

महात्मा गांधी रोड स्टेशनवरून मेट्रोने मैदान. देशातली पहिली मेट्रो हीच, १९८४ ची. व्हिक्टोरिया मेमोरियलबद्दल थोडक्यात: मकराण्याचा संगमरवर, १९०६ मध्ये पायाभरणी, १९२१ मध्ये खुलं. भव्य आहे. तळ्यात प्रतिबिंब सुंदर पडतं. तिकिटाची रांग बघून आम्ही आत गेलो नाही, बागेत गवतावर पाय पसरून बसलो, आणि त्याची मला रुखरुख नाही. न्यू मार्केटमध्ये नाहुमच्या बेकरीतून केक घेतला. एका बगदादी ज्यू कुटुंबाची ही बेकरी १९०२ पासून आहे. काचेची जुनी कपाटं, लाकडी गल्ला.

मग शर्मिष्ठाने आम्हाला नदीखालून नेलं. एस्प्लनेडहून हावड्याला जाणारी मेट्रो हुगळीच्या तळाखालून जाते, २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाली. नदीखालचा बोगदा ५२० मीटर, तो पार करायला पाऊण मिनिट. बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे सुरू झाले की समजायचं, वर पाणी आहे. डब्यातल्या पोरांनी ओरडून मोजायला सुरुवात केली आणि वैशालीही मोजायला लागली. हावड्याला वर येऊन परत तो पूल समोर, आता दिव्यांत जांभळा. आणि तिथून लाँच. सकाळी नदीवरून, आत्ता नदीखालून, आता नदीतून. लाँच आहिरीटोला, शोभाबाजार करत बागबाजार घाटाला जाते. वारा बोचरा होता. निमतला घाटावर चिता जळत होती, तिचा उजेड पाण्यात लांबपर्यंत आला होता. आम्ही चौघी एका शालीत बसलो होतो, बोलणं बंद झालं होतं.

रात्रीचं जेवण श्यामबाजार चौकातल्या गोलबाडीत. कोशा मांगशो आणि पराठा. मटण कांद्यासोबत मंद आचेवर इतकं परततात की रस्सा काळा होतो आणि हाडाला चिकटून राहतो. पहिल्या घासाला वैशालीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सावजी! खोबरं, खसखस आणि काळ्या मसाल्याचा नसेल, तिखट अर्धंही नसेल, पण तो रंग, ती तेलाची तर्री. शर्मिष्ठा म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा इथे खाल्लं तेव्हा मी रडली होती. घरची आठवण येऊन राहिली होती न." कुंदाने पराठा आणि संध्याकाळचा केक खाल्ला आणि आनंदात होती.

घरी आलो तर मिमी झोपत नव्हती. सून थकलेली. वैशालीने तिला मांडीवर घेतलं, थोपटलं, काही उपयोग नाही. माशीमा आल्या, खाटेवर बसल्या आणि हलक्या आवाजात गायला लागल्या. चाल सोपी, दोन-तीन सुरांची. मला शब्द कळले नाहीत, पण एक शब्द दोनदा आला आणि वैशालीचा थोपटणारा हात थांबला. बर्गी.

बर्गी म्हणजे बारगीर. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. आपल्या नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेतले हे बारगीर १७४२ ते १७५१ पुन्हा पुन्हा बंगालवर आले. शर्मिष्ठाने आम्हाला ओळी समजावून सांगितल्या: बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बर्गी आले, बुलबुल पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरायचा? अडीचशे-पावणेतीनशे वर्षं बंगालमधली मुलं हे ऐकत झोपतात. माशीमांच्या आईने त्यांना झोपवलं, त्यांनी शर्मिष्ठाच्या नवऱ्याला.

माशीमांना विचारलं, आम्ही बर्गींच्या गावच्या, माहीत आहे का? त्या हसल्या. म्हणाल्या, "जानि. बौमाओ तो शेखानकार." ठाऊक आहे, सूनही तिथलीच की.

मिमी झोपली होती, वैशालीच्या मांडीवर. वैशाली तशीच बसून राहिली. नंतर अंधारात अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "मी तीस वर्षं भास्कररामाची मोहीम शिकवली. चौथाई किती मिळाली, ते फळ्यावर लिहायची. बारा लाख. गावांचं काय झालं हे एका तासात कधी नाही सांगितलं." गंगाराम नावाच्या कवीने तेव्हाच बंगालीत 'महाराष्ट्र पुराण' लिहून ठेवलं आहे, हे तिला ठाऊक होतं: पोथ्यांचं ओझं घेऊन पळणारे पंडित, तराजू घेऊन पळणारे सोनार. भास्कररामालाही बंगालच्या नवाबाने, अलिवर्दी खानाने, १७४४ मध्ये बोलणीच्या नावाने बोलावून मारलं, ते आपल्याकडच्या पुस्तकात असतं. सोनाराचा तराजू नसतो.

रविवार

सकाळी शर्मिष्ठा म्हणाली, "एक गल्ली दाखवायची राहिली." बागबाजारात, तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. निळ्या पाटीवर नाव: मराठा डिच लेन.

१७४२ मध्ये बारगिरांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी आणि ईस्ट इंडिया कंपनीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा व्हायचा होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणला गेला आणि काम थांबलं, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. पुढे १७९९ च्या सुमारास बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, बागबाजारचा उरलेला तुकडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुजला. गल्लीत बघण्यासारखं काही नाही. इस्त्रीवाला, एक चहाची टपरी, दोरीवर वाळणारे कपडे, भिंतीवर ऊन खात बसलेलं मांजर. वैशाली पाटीखाली बराच वेळ उभी होती. तिने फोटो काढू दिला नाही.

जवळच नवीनचंद्र दासांचं दुकान, बंगाली रसगुल्ला १८६८ मध्ये केला ते हेच दास. गरम रसगुल्ले खाल्ले, जयनगरचा मोआ खाल्ला, संदेशाचे डबे घेतले. दुपारी झोपलो. संध्याकाळी हावड्याला निघताना माशीमांनी वाकून नमस्कार करू दिला नाही, उलट तिघींच्या डोक्यावर हात ठेवले आणि एक ॲल्युमिनियमचा डबा कुंदाच्या हातात दिला. मिमी हात हलवत होती, आम्हाला की गाडीला, कळलं नाही.

खड्गपूर गेल्यावर डबा उघडला. वरच्या खणात नऊ लुच्या, मोजून तिघींना तीन-तीन. खालच्या खणात आलूदम. झाकण काढताच गाडीच्या डब्यात वास दरवळला, आणि रंग लालभडक होता. माशीमांनी त्यात भिवापूरचं तिखट घातलं होतं.